आधी बोट, मग पाणी

घरातल्या कुंड्यांमध्ये जी रोपे मरतात, त्यांतली बरीचशी जादा पाण्याने मरतात. मातीच्या कणांमध्ये पोकळी असते, पोकळीत हवा असते आणि मुळे त्या हवेवर जगतात. कुंडीत रोज तांब्याभर पाणी पडले आणि खाली निचरा नसला, की पोकळीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, म्हणून पाने मलूल होऊन लोंबतात. तहानलेले रोपही नेमके असेच दिसते. मग घरातले कुणीतरी हळहळून आणखी एक तांब्या ओतते आणि रोपाचा निकाल लागतो. या रीतीने सर्वांत जास्त बळी बहुधा तुळशीचा जात असावा. अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचे हा नेम, आणि घरात तीन माणसे नेमाची असली तर पाणी तीनदा पडते. अंगणातल्या वृंदावनात ते खपून जात असे. तिथे ऊन भरपूर, माती भरपूर आणि खाली जमीन. सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीला तो नेम झेपत नाही.

उपाय फुकटचा आहे. तर्जनी दोन पेरे मातीत खुपसून पाहावी. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडे लागले तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत सावकाश आणि भरपूर घालावे. नेम मोडवत नसेल त्यांनी तुळशीचे पळीभर पाण्यावर भागवावे. घरच्या बागेतले निम्मे कौशल्य या बोटात आहे, आणि उरलेले निम्मेही पुष्कळसे त्याच जातीचे आहे: आधी पाहायचे, मग हात लावायचा.

मराठी घराला बाग नवी नाही. कोकणात आणि गोव्यात घरामागच्या परसात न्हाणीचे पाणी जिथून वाहत जाई, तिथे अळू आणि केळी लावलेल्या असत; त्यांच्यासाठी वेगळे पाणी शेंदावे लागत नसे. विहिरीजवळ मांडव, त्यावर तोंडलीचा वेल, कुंपणाला जास्वंद, दाराशी अबोली. देशावर वाड्याच्या चौकात तुळस आणि पारिजातक. ही बाग कोणी छंद म्हणून करत नव्हते. ती स्वयंपाकघराची आणि देवघराची गरज होती. गणपतीच्या पत्रीपासून अळूच्या फदफद्यापर्यंत सगळे हाताशी असावे, एवढाच हेतू. नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरण्याची रीत फ्लॅटमध्येही टिकून आहे. ज्या घरात एरवी एकही कुंडी नसते, तिथेही वर्षातून एक पेरणी होते ती अशी. देवघराच्या अपुऱ्या उजेडात ते कोंब पिवळसर राहतात आणि उंचच उंच वाढतात. उजेड शोधणारे रोप कसे दिसते, ते शिकायला याहून चांगले उदाहरण नाही. गॅलरीतली मिरची अशीच लांबट आणि फिकी दिसू लागली, की तिला खत नको असते, ऊन हवे असते.

परसू गेले आणि गच्ची राहिली, तेव्हा काही माणसांनी गच्चीवर माती नेण्याचे प्रयोग सुरू केले. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. स्वतः प्रयोग करून निष्कर्ष एकमेकांना कळवणाऱ्या शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ त्यांनी उभा केला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागू शकते, ही त्यांची मांडणी. आणि तिच्या मुळाशी पालापाचोळ्यापासून जिवंत माती तयार करण्याचे तंत्र होते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी तोच धागा शहरी गच्चीपर्यंत आणला. रसवंतीवाला फेकून देतो ती उसाची चिपाडे त्यांनी पिशव्यांत आणि पिंपांत भरली, वर कंपोस्टचा आणि मातीचा पातळ थर दिला आणि त्यात भाज्या, फळझाडे घेतली. 2002 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवण्यासाठी अशीच बाग सुरू केली. या प्रयोगांत खरी कमाल भाजीची नसून मातीची आहे. माती विकत आणण्याऐवजी कचऱ्यातून तयार करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यात एक व्यवहारी फायदाही दडलेला आहे, तो वजनाचा. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. एका बारा इंची कुंडीत, पाणी घातल्यावर, वीस-पंचवीस किलोचा ऐवज असतो. लोकांचा वावर असणारी सपाट गच्ची बांधताना भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण 150 किलोचा भार धरतात. गच्चीभर सहा इंच मातीचा थर पसरला, तर तो ओला झाल्यावर सहज अडीचशे किलोच्या वर जातो. म्हणून गच्चीवर सरसकट माती पसरून वाफे करण्याचा मोह आवरावा. जड कुंड्या आणि पिंपे तुळई-खांबांच्या रेषेवर किंवा कठड्यालगत ठेवावीत, कुंडीत निम्मा भाग पालापाचोळा आणि कोकोपीटचा असावा, आणि कुंडीखाली विटा ठेवून हवा खेळती राहील असे पाहावे. इमारत जुनी असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला गच्ची दाखवून घेणे बरे. खालच्या घरातल्या छतावर ओल उमटली की बागेचा छंद सोसायटीच्या सभेत गाजतो, तो भाग वेगळाच.

वजनानंतर प्रश्न येतो उन्हाचा, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गॅलरी दक्षिणेला म्हणजे ऊन बारमाही, असा समज असतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मुंबईत हे ‘शून्य सावली’चे दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस पडतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये ऊन आतल्या दारापर्यंत येते आणि जूनमध्ये वरच्या मजल्याचा सज्जा ते पूर्ण अडवतो. उत्तरेची गॅलरी हिवाळाभर सावलीत असते आणि ऐन उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिला ऊन मिळते. टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, मोगरा यांना निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. पुदिना, गवती चहा आणि पानांचा ओवा त्याहून सोशिक. ज्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही, तिथे मनी प्लांट, स्नेक प्लांट किंवा नेचे लावून समाधान मानावे. तिथे गुलाब लावून दर दोन महिन्यांनी नवा आणणे म्हणजे नर्सरीला हप्ता भरणे. रोपे विकत घेण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला गॅलरीत डोकावून उन्हाची रेघ कुठवर सरकली ते खडूने आखून ठेवावे. दोन ऋतूंत दोनदा केले, की वर्षाचा नकाशा तयार होतो.

आता माती. देशावरची काळी माती शेतात कापूस आणि ज्वारीला उत्तम, कुंडीत मात्र ती डोकेदुखी ठरते. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. खालच्या थाळीत पाणी दिसते, पण मधला गोळा विटेसारखा कोरडाच असतो. लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा एक भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट किंवा वाळलेल्या पानांचा चुरा एक भाग, हे मिश्रण बहुतेक झाडांना मानवते. त्यात मूठभर निंबोळी पेंड घातली की मुळांवरच्या किडीला आळा बसतो. मिश्रण जमले की नाही, ते हातालाच कळते. ओलसर मूठ आवळून उघडली की लाडू वळलेला दिसावा आणि अंगठ्याने हलके ढकलले की तो फुटावा. न फुटला तर माती जड आहे. वळलाच नाही तर ती पाणी धरणार नाही.

कुंडी मातीची की प्लॅस्टिकची, या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडते, त्यामुळे मुळे थंड राहतात, पण पाणी वरचेवर लागते. प्लॅस्टिक ओल धरून ठेवते आणि हलके असते. सतत पाणी घालण्याचा ज्याचा हात आहे त्याने मातीची घ्यावी, आणि जो विसरतो त्याने प्लॅस्टिकची. पालेभाज्यांना सहा इंच खोली पुरते, त्यामुळे फळांचे उथळ क्रेट किंवा जुनी टोपलीही चालते. टोमॅटो-वांग्याला बारा इंच, लिंबू-पेरूला अर्धे कापलेले पिंप. भोक मात्र प्रत्येकाला हवे, आणि ते खापरीच्या तुकड्याने नुसते झाकावे, बुजवू नये.

खताचा कारखाना घरातच असतो. भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा हा ओला माल. वाळकी पाने, नारळाची शेंडी, फाडलेले पुठ्ठे हा सुका. ओल्या मालात नत्र भरपूर आणि सुक्यात कर्ब भरपूर. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब नत्राच्या सुमारे तीसपट लागतो, म्हणून एक टोपली ओल्यावर निदान दोन टोपल्या सुके, असा साधा हिशेब ठेवतात. बाजूंना भोके पाडलेल्या पिंपात थर देत गेले, मधूनमधून हलवले आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखली, तर दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसानंतरच्या जमिनीसारख्या वासाचे खत तयार होते. तो वास स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तयार करतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या मातीच्या गंधातही तेच असते, आणि माणसाचे नाक ते अत्यल्प प्रमाणातही ओळखते. पिंपाला घाण वास येऊ लागला तर त्याचा अर्थ एकच: हवा कमी पडते आहे, सुके वाढवा. कधी त्यात करड्या, जाड अळ्या वळवळताना दिसतात आणि घरात आरडाओरडा होतो. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, घरातल्या अन्नाकडे फिरकत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. झाकण लावून त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

काय लावावे? आरंभ मेथीने करावा. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मूठभर मेथी रात्री भिजवून सकाळी पसरट क्रेटमध्ये पेरली, की दोन-तीन दिवसांत मातीची पापडी उचलून कोंब वर येतात आणि तीन-चार आठवड्यांत एक भाजी निघते. मुंबईच्या बाजारातली समुद्रमेथीची बारीक जुडी तर वाळूतच वाढवलेली असते आणि कोवळेपणीच मुळांसकट उपटलेली असते. तशी हवी असेल तर पंधरवडाही पुरतो. इतक्या लवकर यश देणारे दुसरे पीक नाही, आणि नवख्याला पहिल्या महिन्यात यशाची फार गरज असते.

कोथिंबीर त्यामानाने मानी. अख्खे धणे टाकून महिनाभर वाट पाहणारे पुष्कळ आहेत. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे खरे तर एक फळ, आणि त्याच्या पोटात दोन बिया असतात. धणे फरशीवर पसरून चपलेच्या तळाने किंवा लाटण्याने हलके रगडायचे, दाणा दोन फाकांत फुटला पाहिजे, पीठ होता कामा नये. मग रात्रभर भिजवून अर्ध्या इंचाहून खोल न जातील असे पेरायचे आणि वर पेंढा किंवा ओले गोणपाट अंथरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. या दिवसांत कुंडी रिकामीच दिसते, आणि माती उकरून पाहण्याची इच्छा अनावर होते. ती ज्याला आवरता येते त्याला कोथिंबीर मिळते. उन्हाळ्यात ती पानांआधीच फुलावर येते, म्हणून तिचा खरा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

टोमॅटोचेही गणित हवामानाचे आहे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की फुले येतात आणि गळतात, फळ धरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोप केले तर थंडीत फळ मिळते. भेंडी, घोसाळी, दोडका, काकडी यांना पावसाळा मानवतो आणि इथेच उंच इमारतीतल्या बागेची एक अडचण समोर येते. आठव्या मजल्यावर मधमाश्या क्वचितच येतात. वेलाला फुले लगडतात, पण फळ मात्र धरत नाही. वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच दिसत असते, नर फुलाला नुसता देठ. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवला की काम झाले. फक्त वेळ साधावी लागते. घोसाळ्याची आणि काकडीची फुले सकाळी उमलतात, तर दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. ऑफिसातून परतल्यावर हाताशी असणारा वेळ नेमका दोडक्या-दुधीच्या सोयीचा आहे, ही नोकरदारांची तेवढीच चैन.

फुलझाडांत मोगरा हा संयमाचा धडा. त्याला फुले हवीत म्हणून जो बारा महिने खत-पाणी करत राहतो, त्याला हिरवीगार पाने मिळतात. जाणते लोक डिसेंबरमध्ये मोगऱ्याचे पाणी तोडतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागली की जानेवारीत फांद्या छाटायच्या, माती मोकळी करून शेणखत द्यायचे आणि मग पाणी सुरू करायचे. नव्या फुटीबरोबर कळ्या येतात आणि मार्चपासून घर दरवळते. कळ्या संध्याकाळी उमलू लागतात, म्हणून गजऱ्यासाठी त्या उमलण्याआधी खुडतात. संत्र्या-मोसंबीच्या बागाईतदाराला ही युक्ती नवी नाही. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार धरतात ते असाच ताण देऊन, आणि पिंपातल्या लिंबालाही ती लागू पडते.

शेवंतीचे कोडे वेगळे. ती रात्रीची लांबी मोजते. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या येतात. गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळत असेल, तर शेवंतीच्या लेखी रात्र लहानच राहते आणि ती फुलायचे लांबवते. खत बदलून, जागा बदलून थकलेल्या कित्येकांची शेवंती दिव्यापासून आडोशाला नेल्यावर फुलली आहे. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी बहर येतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते, आणि तिथल्या गुलाबांसमोर रेंगाळणाऱ्या गर्दीतले बरेच जण मनातल्या मनात घरच्या कुंडीशी तुलना करत असतात.

नर्सरीतून आणलेले रोप आठवडाभरात का मान टाकते, हा नेहमीचा प्रश्न. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी भागात रोपवाटिकांची रांगच लागते. तिथे रोपे हिरव्या जाळीखाली, दमट हवेत, खुराकावर वाढलेली असतात. ती एकदम पाचव्या मजल्यावरच्या वाऱ्या-उन्हात आली की बिथरतात. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस त्यांना सावलीत, आहे त्याच पिशवीत राहू द्यावे आणि मग संध्याकाळी कुंडी बदलावी. फुलांनी लगडलेले रोप घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. कळ्या कमी आणि फुटवे जास्त असलेले रोप घ्यावे.

कीड येणारच. कोवळ्या शेंड्यांवर हिरवा-काळा मावा, फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण, पानामागे पांढरी माशी. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की मावा शोधावा; माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. पहिला उपाय पाण्याची जोरदार धार, दुसरा लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारणी. पण त्याआधी पान उलटून पाहावे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची काळपट, काटेरी दिसणारी अळी तिथे असेल, तर फवारणीची गरज नाही. माव्याचा फडशा पाडायला ती दोघे पुरेशी आहेत. ही अळी पाहून तिलाच कीड समजून चिरडणारे माळी कमी नाहीत.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. नीट पाहिले तर तो सरकतो. ही फुलपाखराची अळी. काही दिवसांत कात टाकून ती हिरवी होते आणि इतकी खाते की फांदीचा खराटा होतो. काडीने डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते; शत्रूला पळवण्याचे तिचे ते अस्त्र आहे. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ती राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉनही लिंबू वर्गातल्या झाडांवरच अंडी घालते. आमटीला कढीपत्ता हवा की फुलपाखरू, हा निवाडा ज्याचा त्याने करावा. वाढलेले झाड सगळी पाने गेली तरी पुन्हा फुटते. हातभर रोपावरच्या अळ्या मात्र उचलून दुसऱ्या झाडावर सोडलेल्या बऱ्या.

एका किडीबाबत दयामाया नको, ती म्हणजे डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या थाळीतल्या बोटभर स्वच्छ पाण्यातही वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्या कडेला चिकटून कित्येक महिने तग धरतात, म्हणून पाणी फेकणे पुरेसे नाही, थाळी घासली पाहिजे. आरोग्य खाते सांगते तो आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ बागवाल्यांनी कसोशीने पाळावा. शक्य तर थाळ्याच काढून टाकाव्यात.

बागेने मन शांत होते, या अनुभवाला थोडाफार प्रयोगाचाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 30 हौशी बागकाम करणाऱ्यांना आधी ताण आणणारे काम दिले, मग अर्ध्या जणांना अर्धा तास बागेत काम करायला लावले आणि अर्ध्यांना घरात वाचत बसवले. ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दोन्ही गटांत उतरले, पण बागेतल्या गटात जास्त. त्यांचा मूडही पूर्ववत झाला. तीस माणसांवरून जगाचे निदान करता येत नाही, हे खरे. पण संध्याकाळी खुरपे हातात घेऊन बसणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. कुंडीपाशी घाई करून काहीच लवकर होत नाही, आणि दिवसभर घाईत असलेल्या माणसाला तेच मानवते. उलट, घरातली झाडे हवा शुद्ध करतात हा दावा फार ताणलेला आहे. त्याचे मूळ 1989 सालच्या नासाच्या प्रयोगांत आहे, आणि ते बंद पेटीत केलेले होते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला निदान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील, असा हिशेब निघाला. स्नेक प्लांट देखणा आहे म्हणून ठेवावा. हवेसाठी खिडकी उघडावी.

पैशाच्या हिशेबातही बाग बसत नाही. कुंडी, माती, खत, रोप आणि वर्षभराचे पाणी धरले, तर घरचा टोमॅटो मंडईपेक्षा महागच पडतो. परवडतात त्या वरचेवर थोड्याथोड्या लागणाऱ्या वस्तू: चार पाने कढीपत्ता, दोन मिरच्या, चहापुरती गवती चहाची पात, देवापुरती जास्वंद. वेळ मात्र समजतात तेवढा लागत नाही. वीस कुंड्यांना रोजची पंधरा मिनिटे आणि रविवारचा एक तास पुरतो. मे महिन्यात मातीवर वाळक्या पानांचे आच्छादन आणि वर हिरवी जाळी घातली की पाणीही कमी लागते. गावाला जाताना कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि पाण्याच्या बादलीतून सुती दोरीचे टोक प्रत्येक कुंडीत पुरून द्यावे. बादली कुंड्यांहून उंच ठेवली आणि फडक्याने बांधून घेतली, तर आठवडा निभावतो. शेजाऱ्यांवर सोपवायचे असेल, तर बोट खुपसून पाहण्याचा नियम त्यांना आधी सांगावा. नाहीतर परतल्यावर सगळी बाग तुळशीच्या वाटेने गेलेली दिसते.

हंगाम संपत आला की वेलावरचे एक घोसाळे, शक्यतो मधल्या फांदीवरचे आणि सरळ, न तोडता राखून ठेवायचे. ते जून होते, पिवळे पडते, मग तपकिरी आणि हलके होते. हलवून पाहिले की आत खुळखुळ वाजते. टोकाकडचा भाग मोडला की काळ्या, चपट्या बिया आपसूक बाहेर पडतात आणि मागे उरते ती अंग घासायची घोसाळ्याची जाळी. बिया चार दिवस सावलीत वाळवून राखेत घोळवतात, कागदाच्या पुडीत बांधून वर भाजीचे नाव आणि वर्ष लिहितात. ती पुडी कोरड्या डब्यात पुढच्या मृगापर्यंत पडून राहते.